कागदी प्लेटीतली तीन भोकं

काकांचं म्हणणं एकच होतं: तांबं भांड्यांसाठी असतं, गोळीसाठी नाही. त्या उन्हाळ्यात नेमबाजीच्या रेंजवरच्या लाकडी बाकावर बसून हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की शेजारच्या बाकावरच्या अमेरिकन लोकांनाही 'तांबं' हा शब्द ओळखीचा झाला. गोळी भलतीकडे गेली की काका रायफलचा बोल्ट मागे ओढायचे, गरम पुंगळी टेबलावर पडू द्यायचे आणि आमच्याकडे न बघताच म्हणायचे, "बघा. तांबं."

काका म्हणजे माझे कुणी सख्खे नव्हेत. इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा मराठी माणूस भेटला की तो काकाच होतो. हे पुण्याचे, निवृत्त इंजिनिअर, सत्तरी ओलांडलेले, रेंजवर येतानासुद्धा इस्त्रीचा शर्ट. कॉलेजात एनसीसीत रायफल धरली होती, तो नाद इथे आल्यावर पुन्हा जडला. आमची ओळख शिकारीच्या लायसन्ससाठी जो सेफ्टी क्लास करावा लागतो त्यात झाली. शिकवणारा हातात रायफल धरून हातवारे करत बोलत होता आणि पुढच्या रांगेतला एक म्हातारा स्वतःशीच पुटपुटला, "अहो, नळी कुठे फिरवताय, पोटात घालाल कुणाच्या!" मी मागे बसले होते. मला इतकं हसू फुटलं की शिकवणाऱ्याने मला उभं केलं.

मी कोल्हापूरकडची. डेटा सेंटरमध्ये वीज आणि कूलिंग बघते, म्हणजे आठवडाभर खिडकी नसलेल्या इमारतीत मशिनांची घरघर ऐकते. शिकारीकडे वळले ती रागाने. परसात घेवडा लावला, हरणांनी खाल्ला. मेथी लावली, खाल्ली. तिखटाचं पाणी मारलं, तर जास्तच चवीने खाल्ली. तिसऱ्या वर्षी माझं डोकं सटकलं आणि मी नवऱ्याला सांगितलं, आता यांचा तांबडा रस्सा करणार. त्याला वाटलं, मी नेहमीसारखी नुसती बोलतेय.

आमच्यातला तिसरा एक फार्मसिस्ट. इथेच, एडिसनला जन्मलेला, आईबाप साताऱ्याचे. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये देतो. त्याच्या फोनमध्ये एक अ‍ॅप आहे, त्यात गोळीचं वजन, वेग, हवा, थंडी सगळं टाकलं की गोळी किती अंतरावर किती खाली पडेल ते सांगतं. काका त्याला म्हणायचे, "तुझ्या फोनला एकदा हरीण मारायला पाठव." तो हसून म्हणायचा, "काका, यू आर जस्ट जेलस." पण दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे. काका डोळ्यांच्या ऑपरेशननंतर हायवेवर गाडी चालवत नव्हते, त्यांना आणायचं-पोचवायचं काम तोच करायचा.

शिकार आम्ही करायचो ती डोंगरापलीकडे, एका सफरचंदाच्या बागेत. बागेची मालकीण एकटीच राहते, काकांच्याच वयाची, गोरी, अंगाने दणकट. हरणं तिच्या झाडांचे कोंब खातात म्हणून तिने आम्हाला परवानगी दिलेली. त्या वर्षी वसंतात तिने सांगून टाकलं की यापुढे तिच्या जमिनीवर शिशाची गोळी चालणार नाही. आपण हरीण जागेवर साफ करतो, आतडी तिथेच टाकतो, ती गरुड आणि गिधाडं खातात. शिशाची गोळी हरणात फुटते, तिचे बारीक कण त्या मांसात राहतात आणि पक्षी त्याने मरतात. एक गरुड तिला ओढ्याकाठी मान टाकून बसलेला सापडला होता. म्हणून आता संपूर्ण तांब्याची गोळी वापरा, नाहीतर येऊ नका. काका तिच्यासमोर "ऑफ कोर्स" म्हणाले आणि गाडीत बसल्यावर घरी पोचेपर्यंत कुरकुरत राहिले.

आता यात काकांचं अगदीच चूक होतं असं नाही. काही रायफलींना तांब्याची गोळी मानवत नाही, हे खरंच आहे. शिसं जड, तांबं हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब करावी लागते, आणि एखादी जुनी नळी ती सरळ फेकत नाही. शिवाय शिसं कमी वेगातही हरणात शिरल्यावर फुलतं, तांब्याला फुलायला वेग लागतो. यावर आमचे दर शनिवारी वाद. फार्मसिस्ट म्हणायचा, हलकी गोळी घ्या, वेग वाढेल. काका म्हणायचे, हलकी गोळी म्हणजे हलकं काम. मी म्हणायचे, दोघंही गप्प बसा आणि बार काढा, रेंजचा तास संपतोय. काकांची रायफल होती थर्टी-ऑट-सिक्स, इथल्या शिकाऱ्यांचं जुनं, दमदार काडतूस. खांद्याला असा दणका देतं की विचारू नका. माझी टू-फोर्टी-थ्री, बारीक गोळीची, दणका जेमतेम. तिला काका खेळणं म्हणायचे. हरणाला गुदगुल्या करायला बरी आहे, म्हणायचे.

हे सगळं गमतीत चाललं असतं, जर प्लेट नसती.

प्लेट म्हणजे आमच्या चौघांचा नियम. सीझन उघडायच्या आधीच्या शनिवारी बागेच्या खालच्या अंगाला, मातीच्या बांधासमोर, पुठ्ठ्यावर एक कागदी प्लेट लावायची. तीच, वाढदिवसाला केक देतात ती. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून साधारण तेवढीच जागा. शंभर यार्डांवर जमिनीवर बसायचं, बाक नाही, वाळूची पिशवी नाही, आणि आधी सराव न करता, थंड नळीने तीन बार काढायचे. तिन्ही प्लेटीत, तर त्या वर्षी तुम्ही बंदूक घेऊन यायचं. एकही बाहेर, तर यायचं, पण बंदूक घरी. हरीण ओढायला या, सोलायला या, चहा प्या. दुसरी संधी नाही, कुणालाच नाही. आणि बार काढणाऱ्याने दुर्बिणीतून बघायचं नाही, इतरांनीही नाही. दुसऱ्या एकाने चालत जायचं, प्लेट काढून आणायची आणि आकडा सांगायचा.

हा नियम काकांनीच केला. पहिल्या वर्षी त्यांनी एका हरिणीवर घाईने बार काढला होता. ती लागल्यावर उडी मारून झाडीत गेली. ओढ्याच्या कडेने आम्ही अंधार पडेपर्यंत रक्त शोधत फिरलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरलो, ती मिळाली नाही. काका त्यानंतर कितीतरी दिवस फोन उचलत नव्हते. मग एके दिवशी प्लेटींचं पाकीट घेऊन आले आणि म्हणाले, "ज्याची खात्री नाही त्याने जायचं नाही. माझ्यापासून सुरुवात."

गेल्या वर्षी या नियमाने मला बाहेर ठेवलं. तिसरी गोळी काठाला चाटून बाहेर गेली. प्लेट आणायला काका गेले होते. परत आले, माझ्या हातात प्लेट दिली आणि म्हणाले, "दोन." बस्स. मी म्हणाले, अहो काका, कडा फाटलीय की, धरा ना. म्हणाले, "हरणाला कडा नसते." मी चिडून इतकी लाल झाले होते की मालकिणीने मला पाणी आणून दिलं. त्या सीझनभर मी दुसऱ्यांची हरणं ओढली आणि काकांशी कामापुरतं बोलले. पण वर्षभर दर शनिवारी रेंजला गेले. यंदा तिन्ही कशा बसत नाहीत बघते, असं म्हणून गेले. जुनी जड रायफल विकून ती बारीक घेतली, तीही त्याच इरेला पेटून.

आणि मी सावरत गेले तसे काका बिघडत गेले.

आधीच्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. ते बरा झालाय म्हणायचे. पण कागदावर त्यांच्या गोळ्या पसरायला लागल्या, आणि पसरायच्या त्या नेहमी एकाच बाजूला, खाली आणि उजवीकडे. आम्ही तांब्याच्या गोळ्यांचे वेगवेगळे डबे आणले. जड आणल्या, हलक्या आणल्या. फार्मसिस्टने अ‍ॅपमध्ये आकडे घालून घालून डोळे फोडून घेतले. नळी घासली, स्कोपचे स्क्रू आवळले. काही फरक नाही. काका म्हणायचे, तांबं.

शेवटी ऑगस्टमध्ये एकदा काका पाणी प्यायला गेले असताना मी त्यांच्या रायफलला हात घातला. त्यांचीच गोळी, त्यांचाच बाक. दणका बसला, दात वाजले, पण तीन भोकं पडली ती पोळपाटाच्या पायाएवढ्या जागेत. फार्मसिस्टने दुर्बिणीतून बघितलं आणि हळूच म्हणाला, "सो इट्स नॉट द कॉपर." काका मागे उभे होते. कधी आले, कळलं नाही. म्हणाले, "तुझं वजन कमी, तू दणक्याबरोबर मागे जातेस, म्हणून लागतात." असलं अचाट कारण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी तोंड उघडलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मिटलं.

त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला. काकू शुद्ध शाकाहारी, इतक्या की हरणाचं मटण घरात येऊ देत नाहीत. काका गॅरेजमध्ये वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात शिजवतात. मला वाटलं, काही तक्रार असेल. त्या म्हणाल्या, "मला तुमच्यातलं काही कळत नाही गं. पण ह्यांना यंदा जाऊ दे. गाडी सुटली, टेनिस सुटलं, मित्र एकेक करून गेले किंवा मुलांकडे राहायला गेले. एवढं एक राहिलंय ह्यांचं. घरी बसले ना, तर मला भीती वाटते." मी म्हटलं, काकू, जाऊ देणारी मी कोण? काकांनीच केलेला नियम आहे. तर म्हणाल्या, "ते मला माहीत आहे. म्हणून तर तुला सांगतेय. तू ह्यांना पास कर."

फोन ठेवला आणि मी ठरवलं. करतेच पास. सरळ मार्गाने करते, पण करते. काका स्वतः मान्य करत नाहीत ना, मग मी दाखवते.

रेंजवर एक जुनी युक्ती आहे. खऱ्या काडतुसांमध्ये एक नकली काडतूस मिसळून बंदूक भरायची. ज्याला दणक्याची धास्ती बसलेली असते, तो ट्रिगर दाबायच्या क्षणी आधीच दचकतो आणि नळी खाली जाते. खरा बार निघाला तर त्या आवाजात आणि धक्क्यात हे कुणाला दिसत नाही. नकलीवर नुसती टक होते आणि सगळं उघडं पडतं. मला ही युक्ती काकांनीच शिकवली होती, माझ्या पहिल्या वर्षी. त्या शनिवारी मी म्हटलं, काका, आज मी भरून देते, तुम्ही खांद्याला आराम द्या. त्यांनी रायफल दिली. पहिला बार निघाला. दुसऱ्याला टक झाली, आणि ती भली मोठी नळी झपकन खाली उजवीकडे बुडाली. डोळे घट्ट मिटलेले, खांदा पुढे फेकलेला. बार निघालाच नव्हता आणि माणूस असा दचकलेला.

फार्मसिस्ट बुटाकडे बघत राहिला. काकांनी बोल्ट उघडला, नकली काडतूस बाहेर काढलं, तळहातावर घेऊन बघितलं.

"मला शिकवतेस?" ते म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंत," मी म्हणाले.

"मागून असं पकडायला नव्हतं शिकवलं."

"मग समोरून सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? तीन महिने तांबं तांबं चाललंय! दुखतंय तर दुखतंय म्हणा ना काका, त्यात काय लाज?" माझा आवाज चढला, मला माहीत आहे. तो चढतोच.

ते रायफल पेटीत ठेवायला लागले. नंतरचे काही शनिवार ते आलेच नाहीत. फार्मसिस्ट फोन करायचा, काकू उचलायच्या. मग मी एका रविवारी दुपारी माझी बारीक रायफल गाडीत टाकून त्यांच्या घरी गेले. ते गॅरेजमध्ये होते. मी पेटी उघडून समोर ठेवली आणि म्हटलं, ही घ्या. यंदा हिनेच प्लेट मारा. नियमात कुठे लिहिलंय, कुठली बंदूक ते? तांब्याची गोळी हिच्यातून मस्त जाते, वेग भरपूर, फुलते झकास, शंभर यार्डांवर हरणाला पुरून उरते. आणि गोळी किती मोठी याला अर्थ नाही, कुठे लागते याला आहे, हे कुणाचं वाक्य?

"माझं," काका म्हणाले.

"मग?"

त्यांनी ती रायफल वाकून नीट बघितली. हात लावला नाही. मग म्हणाले, "ही घेतली, म्हणजे खांदा गेला. एकदा गेला म्हटलं की गेला." आणि मग जरा मऊ होऊन, "तू चिडू नकोस. मी माझ्याच बंदुकीने करणार. दचकणं काढता येतं. तुझं काढलं होतं ना आपण."

आणि खरंच, हट्टी माणूस, कामाला लागला. रोज सकाळी रिकाम्या रायफलने गॅरेजच्या भिंतीवर नेम धरायचे आणि नुसता ट्रिगर दाबायचे. काकू म्हणाल्या, पूजेच्या वेळीच ह्यांची टकटक सुरू होते. शनिवारी पुन्हा यायला लागले. आता मी समोरून सांगून नकली काडतुसं भरायचे आणि ते गुमान मारायचे. बार काढायच्या आधी मी ओरडायचे, "डोळे उघडे!" आणि ते म्हणायचे, "उघडेच आहेत, बाईसाहेब." हळूहळू नळी बुडायची कमी झाली. थंडी पडायला लागेपर्यंत तीनातल्या तीन गोळ्या प्लेटएवढ्या जागेत यायला लागल्या. प्रत्येक वेळी नाही. पण येत होत्या. तांब्याचं नावही त्यांनी टाकलं. मी काकूंना फोन करून सांगितलं की बघा, होतंय. मला इतका आनंद मी स्वतः नीट नेम मारल्यावरही झाला नव्हता.

प्लेटीचा शनिवार उजाडला. झाडांवरची सफरचंदं उतरवून झाली होती, खाली पडलेली सडत होती, सगळ्या बागेत आंबूस वास. मालकिणीने बांधासमोर पुठ्ठा उभा केला. मी पहिली बसले. माझी प्लेट फार्मसिस्टने आणली आणि लांबूनच तीन बोटं वर केली. मी ओरडले. खरंच ओरडले, कावळे उडाले. मग तो बसला, त्याचीही तीन. मालकीण गुडघ्यांमुळे आता जमिनीवर बसत नाही, ती फक्त चहा आणि हुकूम देते.

शेवटी काका. ते मांडी घालून बसतात, पंगतीला बसावं तसे, आणि कोपरं गुडघ्यांवर टेकवतात. या वयात असं बसता येणारा इथे दुसरा कुणी मी बघितला नाही. पहिला बार निघाला, नळी सरळ वर उठली, सुंदर. दुसरा तसाच. मी मनात म्हणत होते, चला, चला. तिसऱ्याला त्यांनी वेळ घेतला. रायफल खाली घेतली, खांदा फिरवला, परत लावली. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. बार निघायच्या क्षणी त्यांचा डोळा मिटला.

"जा," काका मला म्हणाले.

मी चालत गेले. प्लेटीच्या बरोबर मध्यात दोन भोकं होती, शेजारी शेजारी. तिसरं पुठ्ठ्यावर होतं. खाली उजवीकडे, प्लेटीच्या काठापासून दोन बोटं बाहेर.

मी तिथे उभी राहिले. माझी पाठ त्यांच्याकडे. जाकिटाच्या खिशात माझं पेन होतं, ऑफिसचं, जाडसर. त्या गोळीच्या भोकाएवढंच जाड. प्लेटीवर त्या दोन भोकांशेजारी एक रेटा दिला असता तर झालं असतं. पुठ्ठ्यावरची भोकं कुणी मोजत नाही, तो मालकीण संध्याकाळी जाळते. मी पेन बाहेर काढलं. काढलं, खोटं कशाला सांगू. काकूंचा आवाज कानात होता, एवढं एक राहिलंय ह्यांचं. सहा महिने आम्ही राबलो होतो. दोन तर केवढी सुरेख लागली होती!

मग मी त्या दोन बोटांच्या अंतराकडे बघितलं. हरणात तेवढं अंतर म्हणजे पोट. पोटात गोळी लागलेलं हरीण दिवसभर चालतं. मला काकांचा इतका राग आला, इतका राग आला, की मी तिथेच उभी राहून त्यांना कोल्हापुरी शिव्या घातल्या. त्यांच्या खांद्याला घातल्या, त्या मुडद्या थर्टी-ऑट-सिक्सला घातल्या, माझं खेळणं न घेणाऱ्या त्यांच्या पुणेरी ताठ्याला घातल्या. पेन खिशात टाकलं, प्लेट ओढून काढली आणि परत आले.

"काका, दोन."

फार्मसिस्ट म्हणाला, "कम ऑन. बॅरल वॉज हॉट, काका, यू शुड गेट वन मोअर." मालकीणही म्हणाली की जमीन माझी आहे, तांब्याचा हट्ट माझा आहे, त्याला अजून एक द्या. दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जणू परवानगी मीच द्यायची होती.

"नाही," मी म्हणाले.

फार्मसिस्टने माझ्याकडे रागाने बघितलं. त्याला वाटलं असणार, ही गेल्या वर्षीचा हिशोब चुकता करतेय. काकांनी मात्र मान हलवली, बोल्ट उघडला, नळीत बोट घालून ती रिकामी आहे ना बघितलं आणि रायफल पेटीत ठेवली.

नंतर फार्मसिस्ट आणि मालकीण पुठ्ठा काढायला गेले. काका आणि मी ट्रकच्या मागच्या फळीवर बसलो होतो. थर्मासचा चहा त्यांनीच ओतला. मला सॉरी म्हणायचं होतं.

"बराच वेळ लावलास तिथे," काका म्हणाले.

"हो."

"खिशात काही होतं?"

माझे कान तापले. "पेन होतं."

त्यांनी प्लेट उचलली, त्या दोन भोकांवरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवली.

"माझ्याकडे किल्ली होती," ते म्हणाले. "गेल्या वर्षी. गॅरेजची. बरोबर मापाची. तू इकडे हात चोळत उभी होतीस आणि मी तिकडे उभा राहून तुला शिव्या देत होतो, कारटीने अजून जरा दम धरला असता तर काय बिघडलं असतं म्हणून."

वर्षभर मी या माणसावर चिडून होते.

"मग का नाही पाडलंत भोक?" मी विचारलं.

"पाडलं असतं," काका म्हणाले, "तर आज तूही पाडलं असतंस. आणि पुढच्या शनिवारी मी जिवंत हरणावर नेम धरला असता."

मला रडू आलं, तिथेच, पुठ्ठा घेऊन परतणाऱ्या त्या दोघांच्या देखत, मोठ्याने. काका सरकून जवळ आले आणि दुखऱ्या हातानेच माझ्या पाठीवर थोपटत राहिले.